पैशाचं बोलणं कामाच्या आधी

सांगलीहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. ती एकटीच ग्राफिक डिझाइन आणि चित्रांची कामं करते. हळदीच्या आणि बेदाण्याच्या पाकिटांची डिझाइन्स, हॉटेलांची मेनूकार्डं, दिवाळी अंकांची चित्रं, शिवाय पुण्याच्या एका एजन्सीकडून अधूनमधून येणारी कामं. पत्रातला मुख्य भाग तिच्याच शब्दांत देते:

«ताई, काम भरपूर आहे, पण हातात पैसा नाही. चार ठिकाणी मिळून १ लाख ४५ हजार अडकलेत. एजन्सीचे ६० हजार, तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याचे ४५ हजार, बाबांच्या मित्राच्या हॉटेलचे २२ हजार आणि गेल्या दिवाळी अंकाचे १८ हजार. बिल मी व्हॉट्सॲपवरच आकडा लिहून पाठवते. एजन्सीने मागच्या वर्षी ९० हजारांच्या कामाचे ८१ हजारच दिले, विचारायचं धाडस झालं नाही. एक दुकानदार म्हणतो जीएसटीचं बिल दे, नाहीतर पैसे नाहीत. ओळखीच्या माणसांकडे पैसे मागताना कसंतरीच होतं. कुठलं ॲप घेऊ म्हणजे हे सगळं सुटसुटीत होईल?»

प्रिय मैत्रिणी,

ॲपचं शेवटी बोलू, कारण तुझी अडचण ॲपने सुटणारी नाही. तुझ्या पत्रात पैशाचा विषय प्रत्येक ठिकाणी काम संपल्यावर आलाय. फाइल गेली, पाकिटं छापून झाली, अंक बाजारात आला आणि मग तू आकडा पाठवलास. तोवर समोरच्याची गरज संपलेली असते, उरते फक्त तुझी गरज. अशा वेळी मागणाऱ्याला संकोच वाटणारच. तो तुझ्या स्वभावाचा दोष नाही, क्रम चुकलाय. हेच बोलणं कामाच्या आधी झालं, तर त्यात मागणं नसतं, ठरवणं असतं. मी पुढे जे काही सांगणार आहे, ते सगळं या एका बदलासाठी आहे.

सुरुवात कोटेशनपासून कर. एक पानाचं, एकदाच तयार केलेलं, दर वेळी नाव-आकडे बदलून पाठवायचं. काम काय आहे ते नेमकं लिही. "पॅकेजिंग डिझाइन" एवढंच लिहू नकोस. "बेदाण्याच्या २५० ग्रॅम आणि ५०० ग्रॅम पाकिटांचं पुढचं-मागचं डिझाइन, २ पर्याय, निवडलेल्या पर्यायात २ वेळा करेक्शन, छपाईसाठी पीडीएफ" असं लिही. आपल्याकडे डिझाइनचं काम सगळ्यात जास्त रखडतं ते करेक्शनमध्ये. मालक बघतो, मग त्याचा भाऊ बघतो, मग प्रेसवाला एक सूचना करतो, मग पाडव्याला घरचे सगळे बसून रंग बदलतात. प्रत्येक जण आपल्या परीने बरोबर असतो, पण ते तास तुझे असतात. म्हणून तिसऱ्या करेक्शनपासून किती जादा पैसे लागतील ते आधीच लिहिलेलं असावं. ओपन फाइल, म्हणजे जिच्यात नंतर बदल करता येतात ती सीडीआर किंवा एआय फाइल, जी प्रेसवाले हटकून मागतात, ती दिलेल्या रकमेत आहे की तिचे वेगळे पैसे आहेत, हेही लिही.

मग पैशाच्या ओळी. निम्मी रक्कम कामाच्या आधी, निम्मी छपाईची फाइल देण्याच्या आधी. २० हजारांच्या आतलं काम असेल तर मी म्हणेन, सगळीच रक्कम आधी घ्यायला हरकत नाही. काम मोठं, ५०-६० हजारांच्या पुढचं असेल तर तीन भाग कर: सुरुवातीला, पर्याय निवडल्यावर आणि शेवटी. दुसरा हप्ता "काम पूर्ण झाल्यावर" असं मात्र कधी लिहू नकोस. काम पूर्ण कधी झालं हे ठरवणारा समोरचा असतो, आणि त्याला घाई नसते. "छपाईची फाइल देण्याआधी" या शब्दांत वाद घालायला जागा नाही. तोवर कमी रिझोल्यूशनचं, वर तुझं नाव आडवं टाकलेलं प्रूफ दाखव.

ॲडव्हान्स मागताना काय बोलायचं हा तुझा खरा पेच आहे, हे पत्रातून कळतंय. फार शब्द लागत नाहीत. "कोटेशन पाठवलंय. निम्मी रक्कम जमा झाली की काम सुरू करते, त्या दिवसापासून आठ दिवसांत पहिले पर्याय देते." एवढंच. यात माफी नाही, कारणं नाहीत, "राग मानू नका पण" नाही. समोरचा म्हणाला, "अहो आपण पळून चाललोय का?" तर उत्तर द्यायचं, "तसं नाही, सगळ्यांकडून अशीच घेते, म्हणजे मला कामाचा दिवस पक्का करता येतो." हे उत्तर टिकायचं असेल तर ते खरं असलं पाहिजे. एकाला सूट दिलीस की दुसऱ्याला हे वाक्य सांगताना तुझाच आवाज खाली येईल. ओळखीच्या माणसाला सवलत द्यायची तर रकमेत दे, पद्धतीत देऊ नकोस. बाबांच्या मित्राला २२ हजारांचं काम १८ हजारांत करून दे, कोटेशनवर मूळ रक्कम आणि सवलत दोन्ही लिही, आणि ९ हजार आधी घे. त्यांना तुझा आदरच वाटेल, असा माझा अनुभव आहे. व्यवसाय करणाऱ्या माणसाला हिशोबाचं बोलणं परकं नसतं.

कोटेशनमध्ये हक्कांची एक ओळ हवीच: पूर्ण रक्कम मिळाल्यानंतरच डिझाइन वापरण्याचे हक्क देण्यात येतील. ही ओळ शोभेची नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलाकाराच्या कलाकृतीचा पहिला मालक साधारणपणे तो कलाकारच असतो, पण पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेलं रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा फोटो यांबाबत, वेगळा करार नसेल तर, मालकी काम देणाऱ्याकडे जाते. तू चित्रंही काढतेस, म्हणून तुझ्यासाठी हे महत्त्वाचं. शिवाय हक्क कायमचे द्यायचे असतील तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. किती वर्षांसाठी हे लिहिलं नाही तर कायदा ५ वर्षं धरतो. दिवाळी अंकासाठी दिलेलं चित्र पुढे कॅलेंडरवर छापायचं की नाही, हा प्रश्न याच ओळीने सुटतो. मात्र या ओळीवर दोघांचा होकार लेखी घे, ईमेलवर "मान्य" असं उत्तर आलं तरी सुरुवात होते, सही मिळाली तर उत्तम.

आता बिल. तुझ्या व्हॉट्सॲपवरच्या आकड्याला मालक बिल समजत असेलही, पण पैसे सोडतो अकाउंट्सवाला, आणि त्याच्या टेबलावर कागद लागतो. तो कागद अर्धवट असला की बाजूला पडतो. कुणी मुद्दाम अडवत नसतं, ते बिल पुढच्या आठवड्याच्या ढिगात जातं एवढंच. म्हणून बिल असं असावं, की त्याला तुला फोन करून काहीच विचारावं लागू नये. वर तुझं नाव, पत्ता, पॅन. बिल क्रमांक आणि तारीख. समोरच्याच्या फर्मचं नाव जसं त्यांच्या कागदोपत्री आहे तसंच. "तासगावचे काका" फोनमध्ये चालतील, बिलावर नाही. कोटेशनची तारीख किंवा कंपनीने दिला असेल तर पीओ नंबर, म्हणजे त्यांच्या लेखी ऑर्डरचा क्रमांक. कामाचं वर्णन कोटेशनमधल्याच शब्दांत. एकूण रक्कम, त्यातून मिळालेली ॲडव्हान्स वजा, बाकी. देय तारीख ही तारीख म्हणूनच लिही. "१५ दिवसांत" लिहिलं की कुठपासून १५ हा प्रश्न उरतो, "२० जूनपर्यंत" लिहिलं की उरत नाही. खाली बँकेचं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी आणि यूपीआयचा क्यूआर.

बिलांचे क्रमांक दर एप्रिलपासून नव्याने सुरू कर, २०२६-२७/००१ असे, आणि मधला एकही क्रमांक गाळू नकोस. उद्या जीएसटी नोंदणी करायची वेळ आली तरी सलग क्रमांकांची शिस्त तीच लागते, १६ अक्षरांच्या आत.

बिल त्याच दिवशी पाठव, ज्या दिवशी अंतिम फाइल गेली. दोन आठवड्यांनी निवांत बसून बिलं करण्याची सवय आपल्या कलाकार मंडळींत फार आहे, आणि ती पदरचे पैसे घालवते.

दुकानदाराच्या जीएसटीचं आधी मिटवून टाकू. सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची नाही, आणि काम परराज्यातल्या ग्राहकाचं असलं तरी ही सूट राहते. तुझ्या पत्रातल्या आकड्यांवरून तू या मर्यादेच्या खूप आत आहेस. नोंदणी नसताना जीएसटी लावणं हे बेकायदा आहे, म्हणून कुणाच्याही आग्रहाखातर बिलात तसा रकाना टाकू नकोस, "टॅक्स इन्व्हॉइस" असंही लिहू नकोस. बिलाच्या तळाशी "जीएसटी नोंदणी नाही" अशी ओळ पुरे. दुकानदाराला समजावताना हे सांग: नोंदणी असती तर तू १८ टक्के वर लावले असतेस आणि त्याने ते आपल्या करातून वळते करून घेतले असते. आता तू लावत नाहीस, त्यामुळे वळते करायलाही काही नाही. त्याचं नुकसान होत नाही.

स्वतःहून नोंदणी करावी का? माझ्या मते सध्या नको. एक कारण विवरणपत्रांचं: बिल झालं नाही त्या काळाचंही विवरणपत्र भरावं लागतं, उशीर झाला की दंड. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. सेवेचं बिल वेळेवर केलंस की त्यावरचा कर साधारणपणे बिलाच्या तारखेने देय होतो, ग्राहकाने पैसे दिले असोत वा नसोत. ज्या एजन्सीकडून तुझे पैसे तीन महिन्यांनी येतात, तिच्या बिलावरचा १८ टक्के कर तू खिशातून आधी भरशील. उलाढाल २० लाखांकडे सरकू लागली किंवा मोठ्या कंपन्यांचीच कामं येऊ लागली, की मग सीएकडे जा.

एजन्सीने ९ हजार खाल्ले असं तुला वर्षभर वाटत राहिलं, याचं वाईट वाटलं. बहुतेक करून ते पैसे तुझेच आहेत आणि सरकारकडे तुझ्या नावाने जमा आहेत. ९० हजारांचे १० टक्के बरोबर ९ हजार होतात. तो टीडीएस आहे, म्हणजे पैसे देतानाच कापून तुझ्या नावाने भरलेला प्राप्तिकर. व्यावसायिक फी म्हणून एका वर्षात एकाच देणाऱ्याकडून मिळणारी रक्कम ठरावीक मर्यादेपुढे गेली की कंपनीला १० टक्के कापावे लागतात. ही मर्यादा आधी ३० हजार होती, १ एप्रिल २०२५ पासून ५० हजार झाली. काही कंपन्या असंच काम कंत्राट समजून १ टक्काच कापतात. तासगावचा व्यापारी किंवा हॉटेलवाला लहान असेल, म्हणजे धंदा त्याच्या एकट्याच्या नावावर असेल आणि आदल्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या आत असेल, तर त्यांना हे कापायची गरजच नसते. आणि तू पॅन दिला नाहीस तर १० च्या जागी २० टक्के कापले जातात, म्हणून पॅन बिलावर छापलेलाच असू दे.

आता करायचं एवढंच: प्राप्तिकराच्या पोर्टलवर तुझ्या पॅनने लॉगिन करून २६एएस किंवा एआयएस उघड, तुझ्या नावाने जमा झालेल्या कराची नोंद तिथे असते. एजन्सीच्या नावासमोर ९ हजार दिसायला हवेत. दिसले तर विवरणपत्र भरून परत मिळवता येतील. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, त्यामुळे तुझ्यासारखीचा कापलेला टीडीएस बहुधा सगळाच परत येईल. पण विवरणपत्र भरलं तरच. दिसले नाहीत तर मात्र एजन्सीला विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे: "९ हजार टीडीएस कापलेला दिसतोय, पण माझ्या २६एएसमध्ये आलेला नाही. चलन भरल्याचा तपशील आणि टीडीएसचं प्रमाणपत्र पाठवाल का?" कापून न भरणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि अकाउंट्स विभागाला हे पक्कं ठाऊक असतं. या प्रश्नाचं उत्तर लगेच येतं.

विवरणपत्राच्या निमित्ताने एक सावधगिरी. निम्मं उत्पन्न नफा धरून कर भरण्याची सोय व्यावसायिकांना आहे, आणि ती सगळ्या फ्रीलान्सरांना लागू आहे असं सर्रास सांगितलं जातं. ती कायद्यात ठरवून दिलेल्या व्यवसायांपुरती आहे. त्यात इंटीरियर डेकोरेशन आहे, ग्राफिक डिझाइन नावानिशी नाही. तुझं काम कुठे बसतं ते सीएला विचारूनच ठरव.

एजन्सीचे पैसे ९० दिवसांनी येतात, यावर तुझ्याकडे एक चांगलं हत्यार आहे आणि ते फुकट आहे: उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर स्वतःच होते. पैसे मागणाऱ्या दलालांच्या साइट्सही तशाच दिसतात, म्हणून पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतोय ना, ते बघ. नोंदणी झाली की तू कायद्याच्या भाषेत सूक्ष्म उद्योग ठरतेस, आणि २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा तुझ्या बाजूने उभा राहतो. त्यानुसार लेखी करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही, करारात ९० लिहिलं असलं तरी. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. काम दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम दिलं त्याच दिवशी ते स्वीकारलं असं धरलं जातं. म्हणून अंतिम फाइल ईमेलने पाठव, नुसती पेनड्राइव्हवर देऊ नकोस. तारखेचा पुरावा राहतो.

याहून परिणामकारक गोष्ट प्राप्तिकराची आहे. २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२४ पासून, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच करता येतो. म्हणजे तुझे पैसे मार्चअखेर लटकवले तर एजन्सीलाच जास्त कर बसतो. या नियमानंतर मोठ्या कंपन्यांच्या अकाउंट्स विभागांनी स्वतःहून उद्यम क्रमांक मागायला सुरुवात केली. तू मागण्याची वाट बघू नकोस, पॅनच्या खालीच छाप. एका छापलेल्या ओळीने तुझं बिल ढिगातून वर येईल.

तक्रारीची वेळ आली तर त्यासाठी सरकारी पोर्टल आहे, तिथून प्रकरण राज्याच्या सुविधा परिषदेकडे जातं. कायद्यात निकालाला ९० दिवस दिलेत, प्रत्यक्षात त्याहून जास्त लागू शकतात, म्हणून हा शेवटचा उपाय समज. नोंदणी या आठवड्यात कर, नव्या कामाच्या आधी. आधी झालेल्या कामांना हे संरक्षण मिळेल याचा भरवसा धरू नकोस.

एजन्सीबरोबर पुढचं काम घेताना तिथल्या क्रिएटिव्हवाल्यांना एक प्रश्न विचार: "पेमेंट महिन्यातून कोणत्या तारखांना निघतात आणि बिल कोणाकडे पाठवायचं?" बऱ्याच कंपन्यांत महिन्याचे एक-दोन दिवस ठरलेले असतात, आणि बिल त्याच्या काही दिवस आधी पोहोचलं नाही तर पूर्ण महिना पुढे जातं. तुझा ९० दिवसांचा उशीर काही अंशी असाही होत असेल. व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म, कॅन्सल्ड चेक, पॅन, उद्यम प्रमाणपत्र ही सगळी एका फोल्डरमध्ये तयार ठेव आणि पहिल्या बिलाच्या आधीच पाठव.

दिवाळी अंकांबद्दल मला जरा वेगळं सांगायचंय, कारण त्या कामावर तुझा जीव आहे हे पत्रात दिसतं. चित्रांचं काम पावसाळ्यात होतं, अंक दिवाळीच्या तोंडावर येतो, आणि संपादकांकडे पैसे येतात जाहिरातदारांकडून, त्यांच्या सोयीने. त्या साखळीच्या टोकाला चित्रकार बसलाय. अनेक संपादक पदरमोड करून अंक काढतात, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण छापखाना आणि कागदवाला पैसे घेतल्याशिवाय हलत नाहीत, मग चित्रकारानेच का थांबावं? चित्रं देतानाच निम्मे घे, उरलेले अंक छापायला जाण्याआधी. मानधन कमी असेल तर चित्रांची संख्या कमी कर, पैशाची तारीख पुढे ढकलू नकोस. आणि मानधनाऐवजी अंकाच्या प्रती हा पर्याय तू स्वतः आनंदाने निवडलास तरच.

पैसे घ्यायचे मार्ग कमी ठेव. कामासाठी वेगळं बँक खातं उघड, घरचे आणि कामाचे पैसे एकत्र राहिले की कोणाचं काय आलं ते कधीच कळत नाही. उद्यम प्रमाणपत्रावर चालू खातं उघडणं सोपं जातं. यूपीआयवर साधारण दिवसाला १ लाखाची मर्यादा असते, तुझ्या बहुतेक कामांना ती पुरते. त्याहून मोठ्या रकमेला एनईएफटी आहे, जी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, त्यामुळे "आज बँक बंद आहे" हे कारण उरलेलं नाही. पेमेंट झाल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, खात्यात दिसल्यावरच फाइल सोड. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकायला कुणी सांगितलं तर ती फसवणूक आहे. रोखीत देतो म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला आठवण दे, की एका दिवसात एका माणसाला १० हजारांवर रोख दिली तर तो खर्च त्याला करात वजा मिळत नाही.

चेक घेतलास तर तो तीन महिन्यांतच चालतो. न वटता परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते, मग १५ दिवस त्याला मिळतात, आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात तक्रार करावी लागते. या तारखा चुकल्या तर अडचण होते, म्हणून चेक परत आला त्याच दिवशी वकिलाला फोन कर.

आठवड्यातला एक दिवस वसुलीचा ठरव, मी मंगळवार सुचवेन, सोमवारी कुणाचं लक्ष नसतं. त्या दिवशी सकाळी अर्धा तास यादी उघडायची आणि निरोप पाठवायचे. बाकी दिवस पैशाचा विचार डोक्यात आणायचा नाही, म्हणजे चित्र काढताना हात मोकळा राहतो. निरोपाचे शब्द आधीच लिहून ठेव. देय तारखेच्या दोन दिवस आधी: "नमस्कार, बिल क्र. ०१४, रु. १२,०००, २० तारखेला देय आहे. सोयीसाठी पुन्हा जोडलंय." तारीख उलटल्यावर: "२० तारखेचं पेमेंट अजून दिसत नाही. कोणत्या दिवशी होईल ते कळवाल का?" यात दिवस मागायचा, कारण "करतो" या उत्तराला तारीख नसते. पंधरा दिवस झाले तर फोन, आणि फोनवर ठरलेलं लगेच लिहून पाठवायचं: "आत्ता बोलल्याप्रमाणे शुक्रवारी ६ हजार आणि १० तारखेला ६ हजार." महिना झाला तर त्यांचं चालू काम थांबवायचं, आणि तसं शांतपणे लिहून कळवायचं. संतापून एकही निरोप पाठवू नकोस, तो पुढे दुसऱ्यांना दाखवला जातो.

राहिले तुझे जुने १ लाख ४५ हजार. चौघांनाही याच आठवड्यात नीट बिलं पाठव, आजच्या तारखेची, मागच्या कामांचे तपशील आणि तारखा देऊन. पुढच्या मंगळवारी वर लिहिलेला निरोप. पैशाच्या वसुलीसाठी दावा लावायची मुदत साधारणपणे ३ वर्षांची असते, म्हणून सगळ्यात जुनं काम कधीचं आहे ते आधी बघ. ती मुदत संपण्याआधी समोरच्याने बाकी असल्याचं लेखी, सहीनिशी मान्य केलं तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. तासगावच्या व्यापाऱ्याकडून ४५ हजारांच्या बाकीची अशी सही घेणं सगळ्यात निकडीचं, कारण ती तुझी स्थानिक बाजारातली मोठी रक्कम आहे आणि तिच्यावर एकही कागद नाही. त्याला एकरकमी जमत नसेल तर तीन हप्ते दे, पण हप्त्यांच्या तारखा त्याच कागदावर असू देत. बेदाण्याचा हंगाम संपून माल विकला गेला की व्यापाऱ्यांकडे पैसा खेळतो, हप्त्यांच्या तारखा त्या हिशोबाने ठरव. हॉटेलच्या २२ हजारांसाठी बाबांना मध्ये घालू नकोस, बिल आणि निरोप तुझ्याच नावाने जाऊ दे. दिवाळी अंकाच्या संपादकांना सांग की या वर्षीची चित्रं मागची बाकी जमा झाल्यावर सुरू करीन. जूनमध्ये हे सांगितलंस तर त्यांच्या हातात वेळ असतो, ऑक्टोबरमध्ये नसतो.

आणि ॲप. दहा-बारा बिलं महिन्याला होत असतील तर गूगल शीटमधला एक तक्ता पुरतो: क्रमांक, पार्टी, रक्कम, ॲडव्हान्स, टीडीएस, देय तारीख, जमा तारीख, बाकी. जमा तारखेचा रकाना रिकामा असलेल्या ओळी म्हणजे तुझी मंगळवारची यादी. हाताने बिल करायचा कंटाळा यायला लागला की झोहो इन्व्हॉइससारखं एखादं सॉफ्टवेअर घे, ते आठवणीचे ईमेलही आपोआप पाठवतं. आधी तीन महिने शीटवर काढ, म्हणजे तुला नेमकं काय लागतं ते कळेल.

कोटेशनचा मसुदा तयार झाला की मला पाठव, बघून देते. तासगावहून काय उत्तर येतं तेही कळव. त्यांनी सही द्यायला टाळाटाळ केली तर नोटिशीच्या आधीचं पत्र कसं लिहायचं, ते पुढच्या सदरात सांगते.